कापलेले तीन इंच

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भावाचा नातू पुण्याहून आमच्याकडे इंदूरला आला, तो काखेत एक लांबट खोका घेऊनच. फराळाच्या ताटाकडेही न पाहता त्याने खोका उघडला आणि आतून एका पांढऱ्याशुभ्र पक्ष्याचे भाग बाहेर काढून माजघरभर मांडले. हे त्याचे ग्लायडर. पंखाच्या टोकाला एक लहानशी खुंटी असते. ती दोन बोटांत धरून, थाळीफेक करणारा खेळाडू जशी गिरकी घेतो तशी गिरकी घेऊन ग्लायडर आकाशात भिरकावयाचे आणि मग हातातल्या यंत्राने त्याला हवेच्या लाटांवर तोलून धरावयाचे, असा हा खेळ आहे. जगभर त्याच्या स्पर्धा होतात आणि त्यांचा नियम एकच आहे : पंखांचा विस्तार दीड मीटरहून अधिक नको आणि वजन ६०० ग्रॅमहून अधिक नको.

मोजपट्टी लावून झाल्यावर स्वारी हिरमुसली. पंख १५०८ मिलिमीटर भरला होता.

"आत्याआजी, आठ मिलिमीटरनं काय होणारे? आणि लांब पंखानं जास्त वेळ उडता येतं, तर मुळात लांबीला बंधन कशाला? ज्याला जमेल त्यानं लांब करावेत!"

मी काही बोलले नाही. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, मी पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी याच घरात ऐकला होता. विचारणारा होता या मुलाचा आजोबा, म्हणजे माझा दादा. त्या प्रश्नापायी दादा माझ्याशी आठ दिवस बोलला नव्हता.

ते १९६९ साल होते. दादा सोळा वर्षांचा आणि मी अकरा. एन. सी. सी.च्या हवाई शाखेत गेल्यापासून त्याला विमानांवाचून दुसरे काही सुचत नसे. फेब्रुवारीत गावातल्या शाळांसाठी दोरीने उडवावयाच्या ग्लायडरांची स्पर्धा होणार असे कळले आणि पावसाळ्यापासूनच आमच्या माडीवर कारखाना सुरू झाला. मुंबईच्या मामाने बाल्सा लाकडाच्या फळ्या पाठविल्या. हे लाकूड इतके हलके की हातात घेतल्यावर आपण काही उचलले आहे असे वाटतच नाही. दाढीच्या पात्याने दादा त्यातून पंखाच्या फासळ्या कापी. टाचण्या टोचून मी त्या नकाशावर धरी. फासळ्यांच्या मधून कणा ओवला, वर तलम कागद चिकटविला आणि कागदाला डोप चोपडला की तो वाळता वाळता ढोलकीच्या कातड्यासारखा ताणला जाई. पिकलेल्या केळ्यांसारखा त्याचा वास साऱ्या घरात भरून राही आणि सोवळ्यातली आई देवघरातून ओरडे, "अरे, आज नैवेद्याला तरी माझा वरणभात वरणभातासारखा लागू दे!"

पंख पुरा झाला तेव्हा तो ५४ इंच भरला. माझ्या उंचीहून अधिक. मी त्याच्या शेजारी चटईवर आडवी होऊन पाहिले होते.

स्पर्धेचे पत्रक मात्र डिसेंबरातच आले होते. दादाने ते भूमितीच्या पुस्तकात घालून ठेवले होते. मला ते जानेवारीत सापडले. मी ते वाचले आणि रात्री पानावर बसले असता, अगदी निरागसपणे, सर्वांदेखत विचारले, "दादा, यात लिहिलंय पंख ४८ इंचांहून लांब नको. मग आपलं चालेल का रे?"

पानावर एकदम शांतता पसरली. अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. "हे पत्रक कधी आलं?" एवढेच त्यांनी विचारले. दादाने खाली मान घातली. त्याने नियम वाचला होता. 'ऐनवेळी मोजतंय कोण' अशी त्याची अटकळ होती. अण्णा गिरणीच्या हिशेब खात्यात होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे ताडून पाहणारा तो माणूस. त्यांनी आवाज चढविला नाही. "एक तर पंख काप, नाही तर जाऊ नकोस," असे म्हणून ते जेवू लागले.

त्या रात्री दादा माडीवरून उतरला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांना मात्र तो तडकून म्हणाला, "अण्णा, असले नियम हुशारांचे पाय ओढायलाच असतात. ज्याला जमेल त्यानं लांब करावेत!"

शेवटी प्रश्न गेला शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे. दादाबरोबर मीही गेले, अर्थात चार पावले मागून. सरांनी फळ्यावर पंखाचे चित्र काढले. पंखाखालच्या हवेचा दाब अधिक आणि वरचा कमी असतो, म्हणूनच तो उचलला जातो. पण पंखाच्या टोकाशी ही खालची हवा वळसा घालून वर निसटते, तिचे भोवरे होतात आणि ते भोवरे विमानाला मागे ओढतात. पंख जितका लांब तितकी टोके मधल्या भागापासून दूर राहतात आणि ही ओढ कमी होते. नुसती कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होते. वजन आणि वेग तेच ठेवून विस्तार दुप्पट केला तर ही ओढ चौथाईवर येते. मग सरांनी ५४ ला ४८ ने भागले, आलेल्या १.१२५ चा वर्ग केला आणि १.२७ हा आकडा ठळकपणे लिहिला.

"म्हणजे तुझे सहा इंच कापलेस, तर टोकांची ही ओढ पाव हिश्श्याहून जरा जास्तच वाढेल," सर म्हणाले. "तुझा पंख चांगला आहे, यात शंका नाही. पण आता मला सांग, तू जिंकलास तर जिंकलं कोण? तू, की तुझ्या मामाने पाठवलेलं लाकूड?"

दादाला प्रश्नाचा रोख कळला. त्याच्याच वर्गातला एक मुलगा, गिरणीतल्या जॉबरचा, त्याच स्पर्धेसाठी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन ग्लायडर बांधीत होता. त्याच्या ४८ इंचांतही लाकडाचे वजन दादाच्याहून अधिक होते. लांब पंख करणे त्याला बांबूत जमणारेच नव्हते. पंख लांबला की तो वाकतो, वाकू नये म्हणून कणा जाड करावा लागतो, जाड कण्याने वजन वाढते आणि वजन वाढले की लांबीचा नफा जातो. हलके आणि ताठ असे दोन्ही हवे असेल तर महागाचे सामान लागते. लांबीची शर्यत ही अखेर पैशाची शर्यत होते, हे त्या दिवशी सरांनी आम्हांला समजावून दिले.

एवढ्यावर न थांबता त्यांनी कपाटातून एक जुने पुस्तक काढून दादाला दिले. त्यातून दादाने एका वहीत टिपणे काढायला आरंभ केला आणि पुढे जन्मभर तो त्या वहीत भर घालीत राहिला. दादा २०१८ साली गेला. त्यानंतर वहिनीने ती वही माझ्याकडे पाठवून दिली. मुलाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी तीच काढून त्याच्यापुढे ठेवली.

वहीचे पहिले पान आहे 'ऑस्ट्रिया' नावाच्या ग्लायडरचे. १९३१ साली रॉबर्ट क्रोनफेल्ड या वैमानिकासाठी बांधलेल्या त्या ग्लायडरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३० मीटर होते. आमचे घर अंगणासकट त्याच्या एका पंखाखाली मावले असते! पुढच्याच वर्षी ते ढगात सापडून हवेतच मोडले. क्रोनफेल्ड हवाईछत्रीने खाली उतरला म्हणून वाचला. खाली दादाने लिहिले आहे : 'जितका लांब पंख तितका वाऱ्याचा हात त्यावर लांब.'

त्याच्या पुढच्या पानावर मर्यादेचा जन्म आहे. १९४० च्या ऑलिंपिकमध्ये ग्लायडिंगचा समावेश व्हावयाचा होता. सर्व देशांच्या वैमानिकांनी एकाच नमुन्याचे ग्लायडर उडवावे, म्हणजे कस लागेल तो माणसाचा, अशी कल्पना होती. नमुना साधा आणि कोणत्याही देशाला बांधता येईल असा हवा. पंखविस्तार १५ मीटर, आणि पंखाला झडपा नकोत. १९३९ च्या आरंभी इटलीत झालेल्या चाचणीत जर्मनीच्या हान्स याकोब्स यांचे 'माइझे' निवडले गेले. 'माइझे' म्हणजे जर्मन भाषेत एक चिमुकला पक्षी. पण महायुद्ध पेटले, ऑलिंपिक झालेच नाही. युद्धानंतर मात्र त्याच नमुन्याची ग्लायडरे इंग्लंडात आणि फ्रान्सात बांधली गेली.

१५ मीटरची कल्पना जगली. १९५८ साली पोलंडमधील लेश्नो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत खुल्या वर्गाच्या जोडीला 'स्टँडर्ड' वर्ग प्रथमच आला. पंख १५ मीटर, झडपा नाहीत, चाक आत ओढून घेण्याची सोय नाही, पंखांत पाण्याचा भार नाही. साधे, स्वस्त, क्लबातल्या सामान्य सभासदाला परवडेल असे ग्लायडर हा त्यामागचा हेतू. आपल्या देशातही दिल्लीला नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्रात ग्लायडरे बांधली गेली. त्यांना नावे दिली ती नक्षत्रांवरून : अश्विनी, भरणी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर. यांतले 'कार्तिक' हे एका माणसाचे, १५ मीटर पंखांचे. या ओळीखाली दादाने दोन रेघा मारल्या आहेत.

पण वही पुढे वाचीत गेले की मर्यादेचीही गंमत कळते. स्वस्त राहावे म्हणून जी रेघ ओढली, तिच्या आतल्या आत माणसाची बुद्धी आणि पैसा धावू लागतो. लाकडाच्या जागी काचतंतू आले, मग कार्बनचे तंतू आले. आत ओढता येणाऱ्या चाकाला आणि पाण्याच्या भाराला पुढे परवानगी मिळाली. झडपा असाव्यात की नसाव्यात यावर असा वाद झाला की वर्गाचेच दोन वर्ग झाले : एक झडपांविना 'स्टँडर्ड', दुसरा झडपांसह '१५ मीटर'. या दुसऱ्या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा १९७८ साली फ्रान्समध्ये शातोरू येथे झाली. ती हेल्मुट राइशमान यांनी ज्या ग्लायडरवर जिंकली, त्याच्या पंखाची रुंदी उडता उडता कमीअधिक करता येत असे. लांबी बांधून ठेवली, तर माणसाने रुंदी सोडविली!

पुन्हा सर्वांनी विचार केला की आता खरोखर स्वस्त असे काही करू. १९८९ साली तशा नमुन्यासाठी आवाहन निघाले आणि पोलंडच्या वॉर्सा येथील तंत्रविद्यापीठाचे पीडब्ल्यू-५ निवडले गेले. पंख साधारण साडेतेरा मीटर, आणि सर्वांना एकच नमुना. ऑलिंपिकची जुनीच कल्पना नव्याने आली होती. काही वर्षे त्याच्याही जागतिक स्पर्धा झाल्या. पण फार थोड्या लोकांनी ते घेतले आणि तो वर्ग मागे पडला. त्याच्या जागी नुसती लांबीची मर्यादा ठेवून '१३.५ मीटर' वर्ग आला. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०१५ साली लिथुआनियात झाली. ही दादाच्या वहीतली शेवटची नोंद. खुल्या वर्गात मात्र पंखांच्या लांबीला अजूनही बंधन नाही. २००० साली उडालेल्या जर्मनीच्या 'एटा'चे पंख ३०.९ मीटर आहेत. क्रोनफेल्डचे स्वप्न सत्तर वर्षांनी पुन्हा उडाले, पण ते विकत घेणे कोणाला परवडणार, हे सांगावयास नको.

"म्हणजे नियमाचा काही उपयोग होत नाही, असंच ना?" मुलाने विचारले. हुशार आहे, आजोबांवर गेला आहे.

तेव्हा मी त्याला त्या स्पर्धेची हकीकत सांगितली.

दादाने पंख कापला. स्पर्धेच्या तीन दिवस आधी रात्री कंदील घेऊन बसला आणि मला हाक न मारता एकट्यानेच दोन्ही टोकांचे तीन-तीन इंच पात्याने उतरविले. मी जिन्यात बसून ऐकत होते. बाल्सा कापताना आवाज होतो तो किती थोडा, पण मला तो ऐकू आला. मग त्याने टोके घासून गोल केली, नवा कागद लावला, नाकात शिसे घालून तोल सावरला.

स्पर्धा गावाबाहेरच्या माळावर होती. एका बाजूस ओलीत केलेला हिरवा गहू, दुसऱ्या बाजूस नांगरून टाकलेली काळी जमीन. परीक्षकांनी टेबलावर फूटपट्टी ठेवून एकेक पंख मोजला. दोघांना परत पाठविले. दादाचा पंख ४८ इंचांना केसभर कमी भरला. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

दादाचे ग्लायडर दोरीवर सरळ चढले, सुटले आणि गव्हावरून अतिशय देखणे असे तरंगत खाली आले. त्यात काही उणे नव्हते. मग आला जॉबरचा मुलगा. त्याने दोरी अशी खेळविली की जणू संक्रांतीचा पतंग आहे. तो पळाला नाही, थांबला. काळ्या रानावर दोन घारी पंख न हलविता गोल फिरत होत्या, त्यांच्याकडे पाहत राहिला आणि त्यांच्या दिशेला चालत जाऊन तेथे दोरी सोडली. उन्हाने तापलेल्या काळ्या जमिनीवरून गरम हवा वर चढत असते, ओल्या गव्हावर ती तशी चढत नाही. घारींना हे ठाऊक असते. त्या मुलाला घारींकडून ठाऊक झाले होते. कामट्यांचे ते जडशीळ ग्लायडर घारींच्या खाली गोल गोल फिरत वर जाऊ लागले आणि टाळ्या थांबेपर्यंत वरच राहिले. पहिला नंबर त्याचा. दादा तिसरा.

येथे गोष्ट संपवली असती तर बोधकथा झाली असती. पण दादा माझा सख्खा भाऊ आणि त्याचे मन मला ठाऊक आहे. घरी येताना तो एक शब्द बोलला नाही. त्या मुलाशी त्याची पुढे घट्ट मैत्री झाली, मुंजी-लग्नांत एकमेकांकडे जाणे-येणे राहिले. पण साठी उलटल्यावरही एकदा गच्चीवर बसलो असता आकाशातल्या घारीकडे पाहत दादा म्हणाला, "ते तीन-तीन इंच असते ना, तर..." आणि पुढे बोलला नाही. मर्यादा न्यायाची असते, पण ज्याचा पंख कापला जातो त्याला ती दुखते. दुखली नाही असे त्याने कधी म्हटले नाही, आणि त्यालाच मी प्रामाणिकपणा समजते.

मलाही एक सल होता. पानावर मी तो प्रश्न विचारला नसता तर? कदाचित परीक्षकांनी दादालाच परत पाठविले असते. कदाचित मोजलेही नसते. एखाद्याचे हित आपण केले की घात, हे अकरा वर्षांच्या मुलीला कसे कळावे? पण दादा नोकरीसाठी पुण्याला निघाला त्या दिवशी स्टेशनवर गाडी सुटता सुटता त्याने खिशातून कागदात गुंडाळलेले काहीतरी काढून माझ्या हातात दिले. ते कापलेले एक टोक होते. हसून म्हणाला, "ठेव. मोजायला उपयोगी पडेल." दुसरे टोक त्याने स्वतःपाशी ठेवले होते. वहीबरोबर तेही माझ्याकडे आले.

मी ती दोन्ही टोके मुलापुढे ठेवली. कागद पिवळा पडला आहे, डोपचा वास कधीच उडून गेला आहे. मुलाने ती तळहातावर तोलून पाहिली.

"नियमाने सगळे सारखे होत नाहीत, बाळा," मी म्हटले. "पैसेवाला दीड मीटरच्या आतही महागाचं सामान आणेलच. तुझ्या आजोबांच्या वहीत तेच लिहिलंय. म्हणून तर दर वीस-पंचवीस वर्षांनी लोक पुन्हा बसतात आणि नवी रेघ ओढतात. पण रेघ मुळीच नसली, तर त्या कामट्यांच्या ग्लायडरला माळावर यायलाच कोणी सांगितलं नसतं. आणि घारीकडे बघायचं असतं, हे तुझ्या आजोबांना कधीच कळलं नसतं."

त्याने उत्तर दिले नाही. पंख उचलला, पुन्हा एकदा मोजला आणि खोक्यात ठेवून दिला. आठ मिलिमीटरांविषयी मी काही सुचविले नाही. एकदा पानावर बोलून मी शिकले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना खिडकीपाशी पांढरा, पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला. शेजारी पॉलिश पेपरचा एक तुकडा होता. मुलगा अजून गाढ झोपला होता. मी कोणाला काही विचारले नाही. भुसा सुपलीत भरला, आणि चहाचे आधण ठेवले.